मीटर वाजत नाही

चंदेरी कागदाचा तुकडा होता, बोटाच्या पेराएवढा, आणि त्यावर निळ्या अक्षरांची एक तुटकी ओळ. ती ओळ ओळखीची आहे हे तिला आधी कळलं आणि कुठली ते नंतर. रोज झोपण्यापूर्वी ती हीच अक्षरं वाचते. गोळी अंगठ्यानं दाबली की फाटतो तो कागद. तिच्या गोळ्यांचा. आणि तो इथं, उघड्या बोनेटखाली, बॅटरीजवळच्या फ्यूजच्या काचेच्या नळीभोवती गुंडाळलेला, चिरलेल्या बोटाला चिंधी बांधावी तसा... नीट, सुबक, कडा आत दुमडलेल्या. हात त्याचाच. त्याचं काम कुठंही ओळखू येतं.

नळी काळवंडली होती. आतली तार केव्हाच वितळून गेलेली. म्हणजे गेले काही दिवस गाडीत जे गाणं वाजत होतं ते फ्यूजमधून येतच नव्हतं, या कागदातून येत होतं — आणि या कागदाला तुटणं माहीत नाही. फ्यूजचं कामच मुळी तुटण्याचं, असं त्यानंच तिला लग्नाच्या नव्या नवलाईत सांगितलं होतं, त्याच्या गाड्यांच्या स्टिरिओच्या दुकानाच्या पायरीवर बसून. वायर कुठं सोलली, पत्र्याला लागली, की आधी फ्यूजनं मरायचं, म्हणजे वायर पेटत नाही. आणि जे लोक उडालेल्या फ्यूजला कागद गुंडाळून गाडी दामटतात त्यांच्याबद्दल तो म्हणायचा, घरात साप निघाला म्हणून त्याच्यावर टोपली झाकून वर निजणारी माणसं ही.

तिनं फ्यूज ओढून काढला आणि मुठीत धरला. मग कान दिला. पार्किंगला लागून असलेली ती खिडकी त्यांच्याच खोलीची, तळमजल्याची, आणि खिडकीच्या आत पिटुकली झोपलेली. श्वास ऐकू येत नव्हता. एवढ्या लांबून येणारच नाही, हे तिला कळतं. तरी तिनं ऐकून पाहिलं.

वास येतोय असं ती गेल्या आठवड्यापासून म्हणत होती. जळका, गोडसर, कढई विस्तवावर रिकामी राहिली तर येतो त्याच्या आसपासचा, पण तोही नव्हे. पुढची सीट पुढे सारून ती मागे पिटुकलीचे पट्टे लावायला वाकायची आणि तेव्हाच यायचा. 'मला नाही येत,' तो म्हणायचा. सासूबाई एकदा गाडीत बसल्या, नाक वर करून दोनदा हुंगून म्हणाल्या, 'अगं, तुझ्याच हाताला येत असेल, दूध उतू गेलं होतं ना.' आणि ती गप्प बसली, कारण मागच्या महिन्यात तिला गॅसचा वास आला होता आणि सगळं घर उघडं टाकून तिनं शेजाऱ्यांना बोलावलं होतं आणि शेगडी बंद होती. त्याआधी पिटुकलीच्या रडण्याचे भास. नळाखाली हात धुताना ऐकू यायचं, जाऊन बघावं तर पोर ढाराढूर. डॉक्टरीणबाई भल्या आहेत, त्यांनी नुसत्या गोळ्या दिल्या नाहीत, एक प्रश्नही दिला. भीती आली की तिला विचारायचं — पुरावा काय? पुरावा नसेल तर ती फक्त भीती. येऊ द्यायची, जाऊ द्यायची.

मी विचारत आले. रोज विचारत आले. पुरावा काय, पुरावा काय, एखाद्या वकिलासारखी स्वतःच्याच मागे लागून. आणि आता तो मुठीत आहे.

आज दुपारी आईकडे निघायचं होतं. रस्ता लांबचा. पिटुकलीची खुर्ची मागे डाव्या बाजूला बांधलेली, आणि बॅटरीपासून, याच फ्यूजमधून, डिकीतल्या ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी ती जाड लाल वायर गालिच्याखालून, पुढच्या डाव्या सीटच्या खालून, नेमकी त्या खुर्चीच्या पायाशी. आधी ती उजवीकडून होती. बाळाची खुर्ची मुळात उजवीकडे बसवायची होती म्हणून त्यानं एका संध्याकाळी सगळं उलगडून इकडून नेलं, आणि ती तेव्हा बाजूला उभी राहून म्हणत होती, आटप ना, ती रडतेय.

तो अंघोळ करून बाहेर आला. पंच्याचं टोक कानात फिरवत.

"काय, गाडीला ताप आहे का बघतेस?"

तिनं मूठ उघडली.

तो जवळ आला. फ्यूजकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. हल्ली तो असाच बघतो, बोलायच्या आधीच तिच्या ओठांकडे डोळे लावून.

"सध्यापुरतं केलं ते. सुट्टीचा दिवस होता, घरात दुसरा फ्यूज नव्हता."

"माझ्या गोळ्यांचा कागद."

"कचऱ्यातला घेतला. गोळ्या काढून नाही घेतला." हसवायला म्हणाला, पण ती हसली नाही तेव्हा त्याचा आवाज चढला. "अगं, वायर तपासलीय मी. अख्खी. कुठं पत्र्याला लागत नाही. फ्यूजच हलक्या मालाचे येतात आता. दुकानातही उडतात."

"दुकानातही?"

"काय?"

"दुकानातही उडतात म्हणालास."

"माल हलका आहे म्हटलं ना."

पूर्वी त्याच्या हातचं काम परत यायचं नाही. गेल्या काही महिन्यांत येतं. मागे तो लग्नाच्या वरातींना गाडी देणारा माणूस आला होता — स्पीकरमधून बारीक शिट्टी येते म्हणाला, गाडीला वेग दिला की शिट्टीही चढते. हा गाडीत बसला, दारं लावून घेतली, बराच वेळ बसला. बाहेर येऊन म्हणाला, काही नाही, साफ आहे. त्या माणसानं तिच्याकडे बघितलं होतं. घरी आल्यावर हा जेवता जेवता म्हणाला, 'गिऱ्हाइकांना कान नसतात आणि वर तक्रारी असतात.' ती तेव्हा हसली होती. तिलाही ती शिट्टी ऐकू आली होती, पण तिला काय, सगळंच ऐकू येतं.

"परत तपास," ती म्हणाली. "माझ्यासमोर. नाहीतर ती या गाडीत बसणार नाही."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही."

"मला बघायचंय."

"बघ बाई, बघ. डोळे भरून बघ." पंचा गाडीच्या टपावर टाकून तो वायरी तपासायचा मीटर घेऊन आला. पिवळा, जुना. त्याचा पडदा पिटुकलीनं पलंगावरून फेकला तेव्हाच मेला, आकडा काही दिसत नाही, फक्त आवाज उरलाय. नवा घे म्हटलं तर म्हणाला होता, पडदा हवा कुणाला, मला माझे कान आहेत. चांभाराच्या बायकोच्या पायात चप्पल नाही ती ही अशी.

त्यानं बॅटरीची काळी तार सोडवली. डिकीत जाऊन ॲम्प्लिफायरची लाल वायर मोकळी केली, तिच्या तोंडाला मीटरचा एक चिमटा लावला. दुसरा चिमटा पत्र्याच्या उघड्या बोल्टला लावायचा, आणि मग वायर कुठं सोलून पत्र्याला लागली असेल तर मीटर ओरडेल. नसेल तर गप्प. एवढंच शास्त्र. पण त्याआधी दोन्ही चिमटे एकमेकांना टेकवून बघायचे, मीटर जिवंत आहे का — हे तो कधी चुकत नाही. टेकवले. बारीक आवाज आला, रातकिड्यासारखा. त्यानं मान हलवली. मान हलवली की आवाज आला? कुठलं आधी? ... तिच्या लक्षात काहीतरी येऊन निसटलं.

"बघ हं आता."

तो पुढच्या दारातून आत वाकला, डोकं सीटखाली, गालिचा उचलून वायर चाचपत. मीटर मागच्या सीटवर, पिटुकलीच्या खुर्चीशेजारी. ती मागे जाऊन बसली. नुसतं बसणं तिला जमत नाही, हात आपोआप पट्ट्यांकडे गेले, रिकामे पट्टे, आणि गुडघ्यांना जागा हवी म्हणून तिनं नेहमीसारखी पुढची सीट सारली.

मीटर वाजायला लागला.

सलग, बारीक, दातांत कळ जावी तसा. आता तो डोकं वर काढेल. आता म्हणेल, अरेच्चा. ती वाट बघत राहिली. समोर सीटच्या कडेनं त्याची पाठ दिसत होती, ओल्या केसांचं पाणी मानेवरून ओघळत होतं, आणि त्याचा हात शांतपणे, सराईतपणे वायरीवरून पुढे पुढे सरकत होता.

"बघ," तो खालूनच म्हणाला. "गप्प आहे की नाही?"

तिनं सीट मागे ओढली. आवाज थांबला. पुढे ढकलली. वाजला. मागे. पुढे. पुढे सरली की सीटचा रूळ, त्याचा हात पोचत नव्हता तिथं, नेमका वायरीवर येत होता. तिनं वाकून पाहिलं, लाल सालीचं तोंड उघडं पडलेलं, आत तांब्याची चमक, आणि भोवती गालिचा तपकिरी, कडक झालेला, भाजलेल्या कागदासारखा. वर पिटुकलीच्या पायांची जागा. रोज सीट सारणारी मीच, आणि आटप ना म्हणणारीही मीच — पण तेही आत्ता बाजूलाच राहिलं.

"डिकीपर्यंत साफ आहे. पटलं आता?"

मीटर वाजतच होता.

रात्री पिटुकली रडते तेव्हा तो कूस बदलत नाही. एवढे दिवस ती त्या पाठीकडे बघत अंधारात उठत आली, हिशेब मांडत आली, पुरुषांना बरं झोपता येतं म्हणून मनातल्या मनात त्याला घालूनपाडून बोलत आली. दारावरची घंटा. मागून मारलेली हाक. आणि ते ओठांकडे बघणं — सुरुवातीला ती लाजली होती त्यानं, मूल झाल्यावरही याला आपण अजून अशा दिसतो म्हणून... देवा. बंद गाडीत बसून दिवसभर तो सगळं मोठ्यात मोठं करून वाजवून बघतो, वर्षानुवर्षं. घरी येऊन कान चोळतो. तुला नसलेलं ऐकू येतं, असं तो तिला म्हणाला तेव्हा खोटं बोलत नव्हता. त्याच्यापुरतं ते नव्हतंच.

आणि दुकानातून गेलेल्या गाड्या. हाच मीटर, हेच कान, हीच मान हलवणं. कुणाकुणाच्या सीटखाली... मागे कुणाकुणाचं बसलेलं...

सांगायला हवं. तोंड उघडायला हवं. काय सांगू? तुझे कान गेले? ज्याच्यावर घर चाललंय ते गेलं, ज्याच्यावर तू सगळ्या बाजारात मान वर करून चालतोस ते? तो हसेल आधी. मग म्हणेल, गोळी घेतलीस का. आणि मग तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळेल — ते कळतानाचं त्याचं तोंड तिला आत्ताच दिसलं, स्वच्छ, आणि तिनं मान फिरवली.

खिडकीतून पिटुकली रडली. आधी कुरकुर, मग चांगला टाहो. त्यानं डोकं बाहेर काढलं, गुडघे झटकले, तिच्याकडे बघून हसला, वाद जिंकल्यावर हसतो तसा, जरा खजील, जरा मोठ्या मनानं.

"जा, आवर. ती उठायच्या आत बॅगा भरून होतील."

मुठीतला फ्यूज तिनं इतका घट्ट धरला होता की काच तळव्यात रुतली होती. एका बाजूनं पोर रडत होती आणि दुसऱ्या बाजूनं मीटर, आणि मध्ये तो, ओले केस मागे सारत तिच्या ओठांकडे बघत, ते हलायची वाट बघत. पुरावा काय, तिनं विचारलं, सवयीनं. आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच तिनं जीव तोडून इच्छा केली की यातलं काहीच बाहेर वाजत नसावं, सगळं आपल्याच डोक्यात असावं.