सत्त्याण्णवावर थांबलेला पारा

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. आज सांगतो ती गोष्ट माझ्या मोठेपणाची नाही. ती सांगताना मला अजून लाज वाटते.

माझा जन्म मुंबईतल्या एका कारखान्यात झाला. बारीक काचनळीत पारा भरून मला वितळत्या बर्फात बुडवलं आणि शून्याची खूण केली. मग उकळत्या पाण्याच्या वाफेत धरून शंभराची. १९९४ साली मी बंगळूरला, बनशंकरीतल्या एका शाळेत आलो. तिथला शिपाई देवाप्पा मला कापसाने पुसून पेटीत निजवायचा. बर्फात शून्य, मुलांच्या मुठीत पस्तीस, मी चटकन सांगायचो आणि मुलं खूश व्हायची. मीही जरा फुगलो होतो, कबूल करतो.

त्याच वर्षी सुचेताबाई मुंबईहून विज्ञान शिकवायला आल्या. त्यांच्या वर्गात मनस्विनी होती, पिढ्यानपिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी घरातली. त्यामुळे दोघी एकमेकींशी मराठीतच बोलत.

एके दिवशी पाण्याचा उत्कलनबिंदू पाहायचा होता. बाकीच्या मुलांनी पाणी कोमट असतानाच पुस्तकातून शंभर उतरवून घेतलं. मनस्विनी मात्र माझ्यावर डोळे लावून बसली. पाणी खळखळू लागलं, वाफा आल्या आणि माझा पारा सत्त्याण्णवावर येऊन थांबला.

"टीचर, शंभर होतच नाही. मी अजून स्वल्प थांबले, तरी सत्त्याण्णवच."

"मुंबईत दरवर्षी हा प्रयोग घेतलाय मी. शंभरच येतं. धांदरटपणा करू नकोस, नीट बघ."

"नीटच पाहिलं, टीचर. देवाशपथ!"

बाईंनी वाकून पाहिलं. "मग हा तापमापकच खराब आहे. तू वहीत शंभर कर. वह्या तपासणीला जायच्यात."

मनस्विनी खोडत राहिली. इतकं खोडलं की पान फाटलं. मी तेव्हा काय केलं, ठाऊक आहे? मला वाटलं, हिने एकदाचं शंभर लिहावं म्हणजे माझ्याकडे कोणी बघणार नाही. माझ्यातच खोट आहे असं मी धरून चाललो होतो. देवाप्पाने माझ्यावर 'खराब' अशी चिठ्ठी डकवली.

दिवाळीच्या सुट्टीत बाई मला बदलून घ्यायला मुंबईच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकानदाराने मला उकळत्या पाण्यात धरलं. पारा थेट शंभरावर!

"कुठं वापरता हा?" त्याने विचारलं.

"बंगळूरला."

"मग बरोबरच आहे की! ते गाव तीन हजार फूट उंचावर. तिथं हवेचा दाब कमी, पाणी लवकर उकळतं."

"हे तर मीच मुलांना शिकवते," बाई हळूच म्हणाल्या आणि मला पर्समध्ये ठेवून दिलं. परतीच्या प्रवासात त्यांनी मला दोनदा बाहेर काढून पाहिलं.

शाळा सुरू झाल्यावर बाईंनी पुन्हा पाणी उकळायला ठेवलं. "मनस्विनी, बघ बरं, किती झालंय?"

तिने मान वर केली नाही. पेन्सिल हातात धरून ती म्हणाली, "सरी, बरं टीचर, तुम्हाला किती हवंय ते सांगा. तेच लिहिते."

बाईंचे कान लाल झाले. त्यांनी नखाने माझ्यावरची चिठ्ठी खरवडून काढली आणि वर्गासमोर सांगितलं, "चूक माझी होती. मनस्विनीने बरोबर पाहिलं होतं." तिने फाटलेल्या जागेशेजारी सत्त्याण्णव लिहिलं. मला वाटलं, सुटलो.

मित्रांनो, आम्हाला आपटू नका, उकळत्या पाण्यातून काढून एकदम गारात घालू नका, काच तडकते. पण त्याहून जपा ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिणाऱ्याला. कारण पुढे वर्षभर मनस्विनी माझा आकडा वाचायची खरी, पण वहीत लिहिण्याआधी एकदा बाईंच्या चेहऱ्याकडे बघायची.