फीत कापेपर्यंत थांबा

"आमच्या गोडाऊनात कामगार म्हंजे घरचा मानूस!" कल्पेश घरतने रमा मॅडमना छाती काढून सांगितलं. "तुमचे हक्कबिक्क जे काय हायत ना, ते आमच्यात आज्यापासून चालत आलेत. विचारा कुनालापन."

मॅडमनी विचारलं. त्या एका परदेशी खेळण्यांच्या कंपनीकडून आल्या होत्या. न्हावा शेव्याच्या बंदरातून बाहेर जाणारी खेळणी पॅक करायचं काम पनवेलजवळच्या एकाच गोडाऊनला मिळणार होतं, आणि जिथे माणसं नीट वागवतात तिथेच, अशी कंपनीची अट होती. समोर गुणाबाई खोक्याला चिकटपट्टी मारत होती.

"मावशी, तुम्ही संडासला कुठे जाता?"

"समोर," गुणाबाई म्हणाली. "देवेशशेटकडं."

कल्पेशची छाती होती तिथे परत गेली.

देवेश त्याचा चुलतभाऊ, गोडाऊन रस्त्याच्या पलीकडे. दोघांच्या जमिनी बंदराच्या कामात एकदमच गेल्या, गोडाऊनं एकदमच उभी राहिली. पण देवेशकडे जे येईल ते आपल्याकडे त्याहून मोठं पाहिजे, हे कल्पेशचं लहानपणापासूनचं दुखणं. देवेशच्या हळदीला एक डीजे होता, म्हणून याने स्वतःच्या हळदीला दोन लावले. दोन्ही डीजेंनी एकाच वेळी वेगवेगळी गाणी वाजवली आणि नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले.

"देवेशशेटचं गोडाऊन बघून आले मी. त्यांच्याकडे बसायला स्टूल आहेत, पंखे आहेत, सुट्टीचा पगार कापत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "नुसता स्वस्त माल नकोय आम्हाला. त्याला हात लावणाऱ्या माणसाचे हालही व्हायला नकोत. पुढच्या महिन्यात परत येते, तेव्हा ठरवू."

"मॅडम, देवेशच्या हक्कांपेक्षा आपले हक्क डबल मोठे करतो!"

"हक्क लहान-मोठे नसतात, कल्पेशभाऊ."

"तुमी या तर खरं."

दुसऱ्या दिवसापासून कल्पेश केबिनच्या खिडकीला चिकटला. त्याच्या बाया त्याचा चहा पिऊन रस्ता ओलांडायच्या. जाताना हसत जायच्या, येताना आणखी हसत यायच्या. एवढं हसण्यासारखं काय असेल देवेशच्या संडासात? शेवटी जेवणाच्या सुट्टीत तो पलीकडे जाऊन दारातून डोकावून आला. आत आरसा होता.

"आरसा लावलाय त्या भाड्यानं!" घरी येऊन त्याने बायकोला, निशाला सांगितलं.

"मग? बायांनी तोंड बघू नये का?" निशा म्हणाली. "मी बी जाऊन येते एकदा."

त्या रात्री कल्पेश जेवला नाही.

महिन्याभरात संडास उभा राहिला. ग्रॅनाईटची फरशी, सोनेरी नळ, भिंतभर आरसा, वर झुंबर. बाया हरखून धावल्या तर दाराला हे भलंमोठं कुलूप.

"उद्घाटन नाय झालं अजून," कल्पेश म्हणाला. "नगरसेवक येतील, फीत कापतील, मग जा. तोवर उष्टं करायचं नाय."

"शेट, तो काय नैवेद्य हाय?" गुणाबाई म्हणाली. "आमाला झुंबर नको, जाऊ द्या."

पण किल्ली मानाने चांदीच्या तबकात घालून नगरसेवकांच्या घरी पोचलीसुद्धा होती.

उद्घाटन नेमकं मॅडम यायच्या दिवशीच ठेवलं. मांडव पडला, काळा चष्मा लावलेल्या कल्पेशचा दोन मजली बॅनर लागला, ताशा आला. बायांना नऊवारी नेसवून, हातात कलश देऊन उन्हात उभं केलं आणि वर कोकम सरबत पाजलं. नगरसेवक बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या रांगेत अडकले. सरबताने आपलं काम केलं. एकेक कलश खाली ठेवत बाया रस्ता ओलांडू लागल्या.

मॅडम आल्या तेव्हा मांडवात फक्त कलश होते.

"कामगार कुठे आहेत?"

ताशेवाल्याने काठीने पलीकडे दाखवलं. मॅडम पलीकडे गेल्या.

धसक्याने कल्पेशनेही सकाळपासून सरबत ढोसलं होतं. आता त्यालाही राहवेना. बायांची नजर चुकवून तो मागच्या बाजूने देवेशकडच्या पुरुषांच्या संडासात शिरला. आत साबणाचा मस्त वास. आणि दाराला खुंटी! पिशवी अडकवायला खुंटी! हे आपल्याला का नाय सुचलं? जळफळत त्याने निघताना कडी अशी खेचली की ती तुटून हातात आली.

"देव्या! दार उघड!" तो ओरडला. पण तेवढ्यात नगरसेवक पोचले आणि ताशा सुरू झाला.

मग माइक ऐकू आला. "मालक सापडत नसल्यामुळे मानाची शाल त्यांचे बंधू देवेशशेट यांनी स्वीकारावी."

"ही शाल खरं तर कल्पेशदादाची हाय," माइकवर देवेशचा आवाज आला. "त्यानं बायांसाठी एवढं केलं, मला तर लाज वाटली."

टाळ्या पडल्या. कल्पेशने दाराला लाथ घातली. देवेशने शिव्या दिल्या असत्या तर एक वेळ सोसलं असतं.

सुताराने दार काढेपर्यंत मॅडमनी खेळण्यांचं काम देवेशला देऊन टाकलं होतं. काम वाढलं म्हणून त्याला माणसं लागणार होती, आणि गुणाबाईने सगळ्या बायांच्या वतीने हो म्हणून टाकलं होतं.

कल्पेश मांडवात पोचला तेव्हा फीत कापून झाली होती आणि नगरसेवक आत गेलेले होते. पाण्याची लाईन जोडायची राहिली होती, हे सगळ्यांत आधी त्यांना कळलं.