नासकं निवडणारे हात

लाडवांच्या डब्याच्या झाकणाला आतून पाण्याचे बारीक थेंब चिकटले होते. जिथे थेंब गळला होता, नेमका तिथेच लाडवावर राखाडी, मखमली ठिपका उठला होता.

सीमेवर लढाई पेटली होती. पाथर्डीकडच्या त्या गावातली बरीच पोरं फौजेत होती. बायकांनी रंगुबाईच्या ओसरीवर जवानांसाठी शेंगदाण्याचे लाडू वळले आणि घाईत गरमच डब्यांत भरले. वाफ आत कोंडली. टेम्पो नगरला निघायच्या दिवशी डबे उघडून पाहतात, तर निम्म्यांना बुरशी.

"शत्रूला धाडा ह्ये. लढाई आजच मिटंल," एक तरणी सून म्हणाली. सगळ्या हसल्या, पण नासक्याला हात कुणी लावीना.

"सुरेखाला बोलवा की," शेजारची मुक्ताबाई म्हणाली.

सुरेखा ही रंगुबाईची सून. तिचा नवरा मच्छिंद्र दोन वर्षांमागे सीमेवरच कामी आला. तेव्हापासून हळदीकुंकू असो की ओटी, ती मागच्या खोलीत. लाडू वळतानाही तिला कुणी हाक मारली नव्हती. पुढच्या वेळी बायकांना सांगायचंच, असं रंगुबाई दर वेळी ठरवायची आणि दर वेळी गप्प राहायची.

सुरेखा आली. प्रत्येक डब्यातले लाडू तिने उजेडात धरून पाहिले, हुंगले, एखादा फोडला. ठिपका दिसला की अख्खा डबा बाजूला सारला. बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते. चांगले लाडू धुतलेल्या लुगड्यावर पसरले, रिकामे डबे पुसून उन्हात वाळवले. मग भरायला पहिला डबा पुढे ओढला.

मुक्ताबाईने तो काढून घेतला. "आता ऱ्हाऊ दे, पोरी. सवाष्नी भरत्याल. माजा पोरगा ओम हाय तिकडं. राग मानू नगं."

सुरेखाने गुळाने चिकट झालेली बोटं पदराला पुसली आणि ती उठली.

"मुक्ते," रंगुबाई म्हणाली, "मच्छिंद्र शेवटचा सुट्टीवरनं गेला, तवा त्याचा डबा कुनी भरला हुता?"

मुक्ताबाईने हातातला डबा खाली ठेवला.

"आपुन पाच सवाष्नींनी. मी हुते, तू हुतीस. कुनाच्या हातानं राखलं त्याला?"

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. रंगुबाईने तो डबा सुरेखापुढे सरकवला.

"सुरेखा, बस खाली. डबं तूच भरायचं. आन् आजपासनं कुनी बी येऊ दे, तू मागच्या खोलीत जायाची न्हाईस."