दुपारपर्यंत

"सर, पोरगी कशी काय जिवंत निघाली? पुस्तकात तर निघत नाही!"

लातूरच्या एका थिएटरच्या पायऱ्यांवर पंचाक्षरी सरांना दहाबारा जणांनी घेरलं होतं. दुपारचा पहिलाच खेळ नुकताच सुटला होता. सरांनी वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या कादंबरीवर सिनेमा निघाला आणि तो आपल्याच शहरात लागला, म्हणून सर इस्त्रीचा सदरा घालून आले होते. आता त्या सदऱ्याची कॉलर घामानं भिजली होती.

विचारणारा मन्मथ सरांचाच जुना विद्यार्थी, आता स्वतः कॉलेजात मराठी शिकवणारा. "चाळीस दिवस जमीन हलते, शहरं जातात, समुद्र उलटतो, सगळं जग संपतं. आणि शेवटी बाप तीन दिवस उकरतो अन् पोरगी डोळे चोळत बाहेर येते! मग तुम्ही कादंबरी लिहिलीच कशाला?"

"मला तर शेवटच आवडला," ट्यूशन एरियातली एक मुलगी मध्येच म्हणाली. पाठीवर दप्तर, डोळे रडून सुजलेले. "एक जण वाचली तर काय बिघडलं सर तुमचं?"

तिच्या मैत्रिणीला बिल्डिंगा पुठ्ठ्याच्या वाटल्या होत्या. किल्लारीकडचा एक पागोटेवाला म्हातारा मध्यंतराआधीच उठून बाहेर आला होता आणि तेव्हापासून पायरीवर बसून होता. तो कुणाकडे न बघता म्हणाला, "आवाज खोटा हाय त्यो. असा येत न्हाई."

सरांनी मागं वळून बघितलं. खांबाला टेकून चांदपाशा उभा होता.

"याला विचारा," सर म्हणाले. "माझ्या कादंबरीतलं अक्षर न् अक्षर यानं टाईप केलंय. सांग रे चांदपाशा, तुला काय वाटलं?"

सगळे त्याच्याकडे वळले. चांदपाशानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्याला काहीच वाटलं नव्हतं. पोटात भूक नाही, डोळ्यांत पाणी नाही, रागही नाही. पंचवीस वर्षं बहुतेक गोष्टींच्या वेळी असंच होत आलं होतं. "पिक्चर मोठा हाय," तो म्हणाला. लोक हसले आणि पुन्हा सरांकडे वळले.

चांदपाशा मूळचा औसा तालुक्यातल्या एका गावचा. औशाला तहसीलच्या दाराशी पत्र्याच्या टपरीत मराठी टाईपरायटर घेऊन बसायचा. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं. बोटं इतकी तयार की लोक म्हणत, साहेबाच्या तोंडातून शब्द निघायच्या आधी चांदपाशाच्या कागदावर पडतो. गणपती विसर्जनाच्या दिवशी काम फार होतं, म्हणून तो औशालाच थांबला होता. घरी बायको आणि सहा वर्षांची पोरगी. पहाटे जमीन हलली. ट्रकच्या मागच्या बाजूला उभा राहून तो सात वाजता गावात पोहोचला, तेव्हा गाव नव्हतं. दगडमातीचा एक सलग ढीग होता आणि त्यावर माणसं चढत होती.

त्यानं अंदाजानं आपलं घर शोधलं आणि उकरायला लागला. हातानंच. टाईपरायटरवर पळणारी ती बोटं दगडाला लागून फाटली. दुपारी कुणीतरी जर्मनच्या गिलासात च्या आणून दिला. तो बसला, त्यानं तो च्या पिला. आणि त्यानंतर त्याचे हात उचललेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मिलिटरीच्या जवानांनी दोघींना काढलं. चादरीत बांधलेली दोन गाठोडी त्यानं लांबूनच बघितली. जवळ गेला नाही.

पुढं लातूरला आला, टायपिंगचं दुकान टाकलं, दुसरं लग्न झालं, मुनीब नावाचा मुलगा झाला, तो शिकून हैदराबादला नोकरीला लागला. टाईपरायटर गेला, कम्प्युटर आला. ट्यूशन एरियात क्लास वाढले तसं चांदपाशाचं कामही वाढलं. फिजिक्सच्या नोट्स, बायोलॉजीच्या प्रश्नपत्रिका. मुलं झेरॉक्सला रांग लावायची, तो मान न उचलता टाईप करायचा.

पंचाक्षरी सर त्याच्याकडं हस्तलिखित घेऊन आले ते भूकंपानंतर पाचव्या वर्षी. रोज थोडी थोडी पानं. शेवटचं प्रकरण टाईप करताना चांदपाशाची बोटं थांबली. सरांनी लिहिलं होतं की बाप तीन दिवस, तीन रात्री उकरत राहतो आणि उकरता उकरता मरतो.

"सर, माणूस तीन दिवस उकरत न्हाई," तो म्हणाला होता.

"मग किती?"

"दुपारपर्यंत."

आणि मग त्यानं ते सांगितलं. च्याचंही. आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, नंतरही सांगितलं नाही. सरांनी ते पान फाडलं, तिथंच बसून नवं लिहिलं. पुस्तक गाजलं ते त्याच शेवटामुळं. दुनिया संपत असताना एक माणूस उकरायचं थांबवतो आणि दिलेला च्या पितो. समीक्षकांनी त्या च्यावर लेख लिहिले. चांदपाशाचं नाव कुठं आलं नाही. ते यावं असं त्यालाही वाटलं नव्हतं.

पहिल्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी चांदपाशानं प्रश्नपत्रिका अर्ध्यावर सोडली आणि थिएटरला गेला. दाराशी मल्लेश होता, तिकिटं फाडणारा. त्याच्या भावाच्या जागेचे सगळे अर्ज चांदपाशानंच टाईप केलेले.

"मामू, आता शेवटचा अर्धा तास राहिला की."

"तेवढाच बघायचा हाय."

मल्लेशनं पडदा बाजूला केला. चांदपाशा मागच्या रांगेत बसला. पडद्यावर धुळीचं आभाळ. बाप उकरत होता. ऊन चढलं, डोक्यावर आलं, कललं. एक बाई मडक्यातून पाणी घेऊन आली, त्यानं हातानंच तिला दूर केलं आणि उकरत राहिला. मग दगडाखालून ठकठक आवाज आला. पोरीचा हात दिसला. पुढच्या रांगांतून कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी हुंदका दिला. आणि एक मुलगा मोठ्यानं म्हणाला, "चल बे, क्लास हाय."

तिसऱ्या दिवशीही तो गेला. चौथ्याही. सिनेमा बघून निघणारी माणसं त्याच्या अंगावरून जायची आणि वाद घालायची. निलंग्याची एक मास्तरीण म्हणाली, आमची जखम यांनी बाजारात मांडली. तिचा नवरा म्हणाला, मांडली तरी कुणीतरी. एक आई नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या पोराला समजावत होती की बघ, माणसानं शेवटपर्यंत प्रयत्न सोडायचा नसतो. पोरगा खाली बघत चालला होता. चांदपाशा हे सगळं ऐकायचा आणि त्यातलं काही त्याच्या आत जायचं नाही. तो फक्त घड्याळ बघायचा. पडद्यावरचं ऊन कलल्यापासून पोरीचा हात दिसेपर्यंत अकरा मिनिटं.

घरी बायकोच्या, चांदबीच्या कानावर गेलंच. तेवीस वर्षं संसार केलेली बाई. त्याच्या पहिल्या घराबद्दल तिनं कधी खोदून विचारलं नव्हतं. जेवायला वाढता वाढता म्हणाली, "रोज एकीच पिच्चर कायकू देखते जी?"

"ऐसाच."

"रोना आता क्या वहां?"

त्यानं थोडा विचार केला. "नै आता."

"तो फिर?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. चांदबीनं ताटात अजून थोडी भाजी वाढली आणि विषय सोडला.

गुरुवारी सकाळी पंचाक्षरी सर दुकानात आले. आठवडाभरात खंगल्यासारखे दिसत होते. पेपरात त्यांच्यावर दोन पत्रं छापून आली होती, एक शिव्या देणारं, एक पाठ थोपटणारं. दोन्हींमुळं त्यांना झोप नव्हती. पंख्याखाली स्टूल ओढून ते बसले.

"तू रोज जातोस म्हणे."

"हाव."

"मला शिव्या घाल चांदपाशा. त्या मन्मथनं घातल्या, तू का नाही घालत? शेवट तुझा होता. निर्माता म्हणाला, असं मढं घेऊन लोक घरी जाणार नाहीत, पोरगी काढा. मी सही केली. तुला विचारायला हवं होतं मी."

चांदपाशानं कीबोर्डवरून हात काढले. "तो च्या पित न्हाई, सर."

"काय?"

"पिक्चरमधला. तुमच्या पुस्तकातला पितो, पिक्चरमधला पित न्हाई. बाई पाणी आणती तर तेबी घेत न्हाई. उकरतच राहतो." तो शांतपणे बोलत होता, एखाद्या अर्जातला मजकूर वाचून दाखवावा तसा. "म्हणून पोरगी निघती."

सर पुढं सरकले. "अरे, ते खोटं आहे. सिनेमा आहे तो."

"खोटं तर तुमचं पुस्तकबी हाय, सर. दुनिया कुठं बुडाली? क्लास चालू हायेत, एसट्या चालू हायेत. खरं एवढंच की मी पिलो." त्यानं कीबोर्ड जवळ ओढला. "शेजारच्या गावात एक लेकरू लई दिवसांनी जिवंत निघालतं म्हणत्यात. मी ते ऐकून होतो. पण बघितलं नव्हतं. आता रोज बघून राहिलो."

सर उठले, त्यांनी चांदपाशाच्या खांद्यावर हात ठेवला, काढला आणि पायऱ्या उतरून गेले. चांदपाशानं अर्धवट राहिलेला प्रश्न पूर्ण केला. खालीलपैकी योग्य पर्याय निवडा.

शुक्रवारी थिएटरला दुसरा सिनेमा लागला. मल्लेश म्हणाला, "गेला मामू तुमचा पिच्चर. काल सात जण होते." चांदपाशानं मान हलवली.

रविवारी त्यानं दुकान उघडलं नाही. औशाची एसटी पकडली, तिथून गावाकडची जीप. सरकारनं वसवलेलं नवं गाव त्यानं एकदाच बघितलं होतं. सरळ रस्ते, एकसारखी घरं. धुरपताबाईचं घर विचारत विचारत सापडलं. जुन्या गावात ती त्याच्याच गल्लीत राहायची. आता ऐंशीच्या पुढं गेली होती, पण ओळखलं तिनं लगेच.

"चांदपाशा व्हय रं? बस. आमालाबी सरपंचानं टेम्पोतून नेलतं त्यो भूकंपाचा पिच्चर दावायला," ती आपणहून म्हणाली. "निम्मी मानसं उठून भाईर गेली. मी बसले. पोरगी निघाली तवा समदे टाळ्या वाजवाय लागले. मला राग आला. आमचं यकबी न्हाई निघालं. दोन सुना, यक नातू."

चांदपाशा म्हणाला, "मावशी, त्या दिवशी दुपारी मला कुणीतरी च्या दिलता."

"मीच दिलता. चूल सापडली व्हती, दगडं मांडून केला. दूध कुठलं, निस्ता गुळाचा."

"मला कामून दिला?"

म्हातारीनं त्याच्याकडं नीट बघितलं. "तुला यकट्याला न्हाई दिला बाबा. समद्या गल्लीला दिला. जे जे उकरत व्हते ते समदे पिले."

"पिऊन परत उकरलं का त्यांनी?"

"कुनी उकरलं, कुनी न्हाई. मी कुठं बघत बसले? मला गिलास गोळा करायचे व्हते. चारच व्हते."

तो तिथून उठला आणि जुन्या गावाकडं चालत गेला. वाट वेड्या बाभळींनी भरली होती. पंचवीस वर्षांत तो इकडं एकदाही आला नव्हता. मारुतीच्या पाराच्या अंदाजानं त्यानं गल्ली ठरवली, गल्लीच्या अंदाजानं घर. चूकही असेल. सगळीकडं सारखेच दगड पडले होते, गवतात अर्धे बुडालेले. दुपारचे दोन वाजून गेले होते. लांब कुठंतरी शेळ्या चरत होत्या.

चांदपाशा गुडघ्यांवर बसला. समोरचा एक दगड दोन्ही हातांनी धरला. जड होता. त्यानं तो हलवत हलवत सोडवला, कडेवर उभा केला आणि खाली वाकून बघितलं. ओली काळी माती होती, तिच्यात पांढरी मुळं आणि अंडी उचलून पळणाऱ्या मुंग्या.

थोडा वेळ त्यानं त्यांना बघितलं. मग बोटं मध्ये सापडणार नाहीत असा जपून, होता त्याच जागी, त्यानं तो दगड परत ठेवला.