बिजाच्या पट्ट्या

अहेरीच्या वाद्यमेळ्यात वारलू सुताराला ओळखत नाही असा माणूस नव्हता. नगारेवाले, ढोलवाले, झांजा ओतणारे कासार असे ठोकून वाजवायच्या वाद्यांचे सगळे कारागीर माघात तिथे जमत. पण काष्ठतरंग आणायचा तो एकटा वारलूच. होडीसारख्या पेटीवर सागाच्या लहानमोठ्या पट्ट्या बांधलेल्या असत, आणि लाखेच्या गोळ्यांच्या दोन काड्यांनी त्यांवर सूर काढायचा. रंधा वारलूचा असला तरी कान बायकोचा, रुखमाबाईचा होता. ती “झालं” म्हणेपर्यंत पट्टी तासायची, हे त्यांच्या घरी ठरलेलंच.

त्या वर्षी, म्हणजे छप्पन साली, चिंचेखाली दुसरा काष्ठतरंग मांडलेला दिसला आणि वारलूनं आपली पेटी धप्पकन खाली टेकवली. सूरजागडच्या पायथ्याचा इसरू गोंड तो घेऊन बसला होता. आजवर गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा करणारा माणूस!

“मागच्या साली दिवसभर आपल्यापुढं बसून होता,” वारलू दात खात म्हणाला. “पाहून पाहून उचललं चोरट्यानं.”

रुखमाबाई ऐकतच नव्हती. इसरूची बहीण बुधरी वाजवत होती, आणि पट्ट्या सागाच्या नव्हत्या, बिजाच्या लाकडाच्या होत्या. काडी उचलली तरी सूर हवेत रेंगाळत होता. रुखमाबाई चालत गेली ती थेट त्या पेटीपुढे उकिडवी बसली.

“ही चौथी चढी हाय, भाऊ,” ती इसरूला म्हणाली. “मधातून थोडी तासा.”

इसरूनं तासली. तिनं कान लावला. “अजून. हां... झालं.”

तो शब्द वारलूनं लांबून ऐकला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा शब्द तिनं दुसऱ्या कुणाला दिलेला त्यानं ऐकला नव्हता. त्याच्या पट्टीवर तर तिचा चेहरा असा कधी उजळलाही नव्हता. दुपारी जेवताना ती बिजाविषयीच बोलत राहिली. वारलू भाकर अर्धी टाकून उठला.

इसरू आणि बुधरी नदीवर गेले तेव्हा चिंचेखाली कुणी नव्हतं. वारलूनं डब्यातलं मेण बोटावर घेतलं, चौथ्या पट्टीच्या पोटाला दाबून चिकटवलं आणि मुकाट्यानं परत आपल्या जागी येऊन बसला.

ऊन कललं तसे मेळ्यातली मानाची शाल कुणाला द्यायची ते ठरवणारे पंच आले. त्याच वेळी इसरू लगबगीनं रुखमाबाईकडे आला. “बाई, बुधरीच्या हातात काटा मोडला, हात सुजला तिचा. तुमीच वाजवता का आमचं?”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नाही म्हणायला वारलूनं तोंड उघडलं, पण कारण काय सांगणार? तोवर ती काड्या घेऊन बसलीही. लोक दाटीनं उभे राहिले. आता त्या पट्टीपर्यंत हात पोचणं शक्य नव्हतं.

तिनं जात्यावरच्या ओवीची चाल धरली. चौथ्या पट्टीवर काडी पडली आणि ‘थप्प’ असा ओल्या गोणपाटासारखा आवाज आला. गर्दीत कुणी हसलं. वारलूनं डोळे मिटले. रुखमाबाईचा हात मात्र थांबला नाही. त्या पट्टीला वळसा घालून तिनं चाल दुसरीकडून नेली, परत आणली, आणि पुन्हा त्या पट्टीला शिवली नाही. हसणारा गप्प झाला. शेवटी नगारेवाल्यांनीही टिपऱ्या खाली ठेवून मान डोलावली. शाल इसरूला मिळाली. ती त्यानं तिथंच रुखमाबाईपुढे धरली. तिनं ती हसून बुधरीच्या खांद्यावर घातली.

माणसं पांगल्यावर तिनं पट्टी उलटी केली. मेण तांबूस होतं. मेणात गेरू कालवायची सवय मेळ्यात एकाचीच होती. तिनं नखानं ते खरवडलं आणि वारलूपुढे येऊन उभी राहिली.

“मी वाजवणार हाय हे ठाऊक नव्हतं तुमाले?”

“नाई ना. ठाऊक असतं तर कायले लावलं असतं?”

“म्हंजे त्या काटा मोडलेल्या पोरीले लोक हसले असते, ते चाललं असतं.”

वारलू उसळून म्हणाला, “तू त्याले ‘झालं’ म्हनलीस!”

“झालं होतं म्हनून म्हनली.” ती शांतपणे म्हणाली. “तुमी मोटारीनं जा. मी बुधरीच्या हाताले लेप बांधून येतो उद्या.”

वारलू पेटी डोक्यावर घेऊन आलापल्लीच्या मोटारीपर्यंत गेला. ड्रायव्हरनं दोनदा भोंगा वाजवला. चिंचेखाली आत्ता रुखमाबाई आणि इसरू कुठल्या पट्टीवर वाकली असतील, हेच त्याच्या डोळ्यांपुढे येत होतं. मोटार त्याच्याविनाच सुटली.

तो परत आला तेव्हा ती दोघं खरंच एका पट्टीवर वाकली होती. इसरूनं वर पाहिलं. खरवडलेलं मेण अजून त्याच्या गुडघ्याजवळ पडलं होतं, त्यावरून सगळं त्यालाही कळलं असावं. जरा सरकून त्यानं जागा केली.

“बसा, भाऊ. रंधा तुमचा धारदार दिसते. ही पट्टी लय जाड राह्यली.”

वारलूच्या छातीत अजून जळतच होतं. शेजारची ती दोन डोकी, तो सूर, काहीच त्याला सोसवत नव्हतं. तरी तो बसला. पट्टी मांडीवर घेतली, रंधा लावला, आणि रुखमाबाई काही म्हणते का याची वाट पाहत पहिला हात ओढला.