जावयासाठी थांबलेली चिता

आमचे बाबा गेले तेव्हा त्यांचा जावई नॉर्वेत अडकला होता, आणि बाबांनी बजावून ठेवलं होतं की तो आल्याशिवाय मला जाळायचं नाही. जिवंतपणी त्यांचा शब्द घरात कुणी मोडला नव्हता, मेल्यावर कोण मोडणार? म्हणून विहाराच्या मागच्या दालनात, विजेवर चालणाऱ्या थंड पेटीत, आम्ही त्यांना ठेवलं होतं. पेटीच्या कडेने लाल-हिरवे दिवे लुकलुकत असायचे. बाबांना ते मुळीच आवडले नसते.

जावई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, सामलीचा, नवरा. आरविद त्याचं नाव, नॉर्वेचाच तो. आमच्या थाई मुलखात, उडोनच्या या बाजूला, गावोगावी फिरंगी जावई आहेत, आमच्या नोंग फायमध्येही सहा-सात आहेत. कुणी नुसता बियर पितो, कुणी कुत्री पाळतो. आरविद मात्र वेगळा. तिकडे तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, इकडे आल्यावर साऱ्या गावाचे पाण्याचे पंप दुरुस्त करू लागला. माझं पपई कुटायचं दुकान आहे, तिथे रोज येऊन चार मिरच्यांचं सोमतम, म्हणजे कच्च्या पपईची कुटलेली कोशिंबीर, मागायचा आणि रडत रडत संपवायचा. दोन मिरच्यांचं करून देते म्हटलं तर रागवायचा.

फेब्रुवारीत त्याचा थोरला भाऊ आजारी पडला, म्हणून तो एक छोटी बॅग घेऊन गेला. महिन्याभरात येतो म्हणाला. आमच्या अंगणात त्याने एक पंप खोलून ठेवला होता, सुटे भाग घमेल्यात रॉकेलमध्ये बुडवून. मग रोग पसरला, विमानं बंद झाली, देशाची दारं बंद झाली. घमेल्यातलं रॉकेल उडून गेलं तरी सामलीने ते हलवू दिलं नाही.

बाबांचा त्याच्यावर फार जीव. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, तरी पहाटे जाळं घेऊन दोघं तळ्यावर जायचे आणि दुपारपर्यंत गुडघाभर पाण्यात उभे राहायचे. आमच्याकडे बाप मेला की मुलाने मुंडण करायचं, भंत्यांचं चीवर अंगावर घ्यायचं आणि पेटीच्या पुढे चालायचं. बाप त्या चीवराचं टोक धरून वर चढतो. बाबांना आम्ही दोघी मुलीच. मुलींचा हात धरून चढता येत नाही का, असं मी एकदा मोठ्या भंत्यांना विचारलं होतं. ते नुसतेच हसले. तर ते चीवर घालायचं वचन आरविदने दिलं होतं, आणि नुसतं दिलं नव्हतं, दीक्षेच्या वेळी म्हणायचं सगळं पाली त्याने पाठही केलं होतं. जूनच्या शेवटी बाबा शेताच्या बांधावर बसल्या बसल्या गेले. आरविदला फोनवर सांगितलं तेव्हा तो टेबलावर डोकं ठेवून बसून राहिला. त्याचं टक्कल तेवढं आम्हाला दिसत होतं.

जुलैत बातमी आली की ज्यांच्या बायका थाई आहेत त्यांना परत येऊ देणार. सामलीने त्या दिवशी घर धुवून काढलं. पण वकिलातीने मागितला लग्नाचा नोंदणी दाखला, आणि तो दोघांकडे नव्हता.

लग्न झालं होतं हो. नऊ भंते आले होते, साऱ्या गावाने दोन दिवस जेवण केलं होतं, बाबांनी स्वतः डुक्कर कापलं होतं. पण तालुका कचेरीत नोंद करायची नाही, असं बाबांनीच ठरवलं होतं. फिरंग्याशी नोंदणी केलेल्या बाईच्या नावावर जमीन होत नाही, असा त्यांच्या तरुणपणी कायदा होता. तो कायदा कधीच बदलला, हे त्यांना सरपंचाने सांगितलं, मी सांगितलं, टीव्हीनेही सांगितलं. बाबा म्हणायचे, सरकार आज एक बोलतं, उद्या दुसरं. तळ्याकाठचं शेत सामलीच्या नावावर करायचं आहे, तुम्ही कागदाच्या भानगडीत पडू नका. आरविदला त्याचं काहीच वाटलं नाही. गावात तर निम्म्या जोडप्यांची नोंद नाही. त्यावरून कुणाचं कधी अडलंही नव्हतं.

आता तरी नोंद करून घ्यावी म्हणून सामली तालुक्याला गेली. मी दुकान बंद करून बरोबर गेले, आणि सरपंच स्वतःहून आला. तिने लग्नाचा अल्बम नेला होता. आरविदला फोनवर उभं केलं होतं, त्याने तिकडे पहाटे उठून कोट घातला होता. साहेब भला माणूस होता, त्याने सगळे फोटो पाहिले. सरपंच म्हणाला, आख्खं गाव जेवलंय, याहून मोठा पुरावा कुठला हवा? साहेब म्हणाला, मला पुरावा नकोच आहे, दोघं माझ्यासमोर या खुर्च्यांवर बसायला हवेत, एवढंच. सामलीने फोन उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवला. साहेबाने मान खाली घातली.

परतीच्या वाटेवर ती पहिल्यांदा बाबांविषयी बोलली.

"तो यावा म्हणून पेटीत पडून राहिलेत, आणि यायची वाट त्यांनीच बुजवली," ती म्हणाली. "ताई, तुला हसू येत नाही?"

"मेलेल्या माणसाला बोल लावू नये," मी म्हटलं.

"मग कुणाला लावू? विमानाला?"

मला बाबांचा राग यायला हवा होता, पण येत नव्हता. ते मला रोज पेटीत एकटे दिसत होते, आणि मला त्यांची दयाच यायची.

ऑगस्टच्या शेवटी डीटर परत आला. डीटर म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाचा जर्मन. तो आणि त्याची बायको नोंगलक, दोघांचं कधी पटलं नाही. तिने एकदा त्याची मोटरसायकल कालव्यात ढकलली होती. तो तिकडे अडकल्यापासून नोंगलक दर पौर्णिमेला विहारात फुलं वाहायची, आणि ती कशासाठी वाहायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांच्या लग्नाची नोंद होती. बँकॉकच्या हॉटेलात कोंडून घेऊन, नाकात काड्या घालून घेऊन डीटर चाकांची मोठी बॅग खडखडवत गल्लीतून आला. सामलीने खिडकी लावून घेतली. संध्याकाळी नोंगलक माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, "तुझ्या बहिणीला सांग, नेत असेल तर हा घेऊन जा." कुणीच हसलं नाही, मग तिलाच रडू आलं.

सामली तेव्हापासून रोज विहारात जाऊन बाबांपुढे भात आणि तळलेला मासा ठेवायची. आधी ती पेटीवर टकटक करून त्यांना जेवायला बोलवायची, जसं आमच्याकडे करतात. पुढे पुढे नुसतं ताट ठेवून यायची. आरविदने दुसऱ्या कसल्या तरी परवान्यासाठी अर्ज केला होता. उत्तर नव्हतं. फोनवर दोघं तासन् तास बसायचे आणि बोलायचे फार थोडं. तो तिकडे बटाटे सोलायचा, ती इकडे लसूण.

भंत्यांचा पावसाळी वर्षावास संपत आला तशी मोठ्या भंत्यांनी मला बोलावलं. पेटी एकच, आजूबाजूच्या चार गावांना तीच लागते, ते म्हणाले. शंभर दिवस होतील, त्या सुमारास उरकावं. माणसाला फार काळ अडकवून ठेवणं त्यालाही बरं नाही. थोरली मीच होते. मी सामलीला न विचारता हो म्हटलं.

तिला सांगितलं तेव्हा ती भांडली नाही. मला वाटलं होतं भांडेल, मी तयारी करून गेले होते.

"म्हणजे आता त्यालासुद्धा यायचं कारण राहिलं नाही," एवढंच म्हणाली.

"वेडी आहेस का? तू आहेस की."

"मी त्याची कोण आहे, ताई? कचेरीत विचार जा."

मी घरी जाऊन उगाच पपया कुटत बसले.

अंत्यविधीच्या दिवशी गाव आलं, तोंडाला मास्क लावून. चीवर घालायला आम्ही चुलतभावाच्या मुलाला तयार केलं होतं. सामली आणि मी पांढऱ्या साध्या कपड्यांत. दुपारी बाबांना साध्या लाकडी पेटीत घालून दहनाच्या भट्टीच्या पायऱ्यांवर चढवलं, आणि सामलीने आरविदला फोन लावला.

पडद्यावर कोण आहे ते मला आधी कळलंच नाही. त्याने उरलेसुरले केस काढले होते, दाढी काढली होती, आणि भंते काढतात तशा भुवयासुद्धा. कानापाशी कापल्याचं रक्त सुकलं होतं. हे त्याला कुणी करायला सांगितलं नव्हतं. पांढरी चादर अंगाभोवती गुंडाळून तो स्वयंपाकघरात गुडघे टेकून बसला होता, आणि मागे खिडकीत त्याचा आजारी भाऊ टोपी काढून उभा होता. गावातल्या बायका माना वाकवून फोनकडे बघत होत्या. डीटर सगळ्यात मागे उभा होता, तो पुढे आला नाही.

आरविदने पाठ केलेलं पाली म्हणून दाखवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मधे आवाज तुटायचा, तो परत मागे जाऊन म्हणायचा. मोठे भंते थांबले, त्यांनी त्याला पूर्ण करू दिलं.

मग एकेकाने वर जाऊन चंदनाच्या सालीचं फूल पेटीवर ठेवायचं. ठेवताना आम्ही म्हणतो, अहोसि. म्हणजे तुमच्या हातून माझं काही वाकडं झालं असेल ते मी सोडलं, माझ्या हातून तुमचं झालं असेल ते तुम्ही सोडा. घरच्यांनी हे म्हटल्याशिवाय मेलेल्याला मोकळं होता येत नाही. तो घराभोवतीच घुटमळत राहतो, असं आमच्याकडे मानतात. लहान पोरंसुद्धा म्हणतात. मी म्हटलं, आणि खाली उतरले.

शेवटी सामली फोन घेऊन चढली. तिने पडदा पेटीकडे केला.

"बाबा," आरविद म्हणाला. आमच्या बोलीतले त्याचे शब्द नेहमीसारखेच मोडके. "मी येऊ नाही शकलो. माफ करा. तुम्ही केलं ते माझ्या मनात नाही. अहोसि."

त्याला सगळं ठाऊक होतं. कुणामुळे अडकलो हे माहीत असून त्याने एका दमात सोडून दिलं. पायऱ्यांखाली माझे डोळे भरून आले. आता सामलीही म्हणेल, मग भट्टीचं दार लागेल, मग आपण सगळे घरी जाऊ, असं मला वाटलं.

सामलीने फूल ठेवलं. हात जोडले. पण अहोसि म्हटलं नाही. भट्टीवरच्या माणसाने एकदा भंत्यांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

"सामली," मी खालून म्हटलं. "म्हण ना."

"त्याने सोडलं, बाबा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तो भला आहे. मी नाही सोडलं."

"सामली, असं नको करूस."

तिने माझ्याकडे वळून पाहिलंच नाही. ती पेटीवर वाकली, तळ्यावरून उशिरा आलेल्या बाबांशी बोलायची तशी.

"गाठ तुम्ही मारलीत, तुम्हीच सोडवा. आता तुम्हाला ना विमान लागतं ना कागद. जा आणि त्याला घेऊन या. तो दारात पाय ठेवेल त्या दिवशी मी म्हणेन, आणि मग तुम्ही खुशाल जा. तोवर इथेच राहायचं."

ती उतरून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तिच्या वतीने मीच म्हणून टाकावं असं मनात आलं. थोरल्या बहिणीला तो अधिकार आहे. मोठे भंते माझ्याकडे बघत वाट पाहत होते. फोनमध्ये आरविद अजून गुडघ्यांवरच होता, आणि काय चाललंय ते त्याला कळलं नव्हतं.

मी तोंड उघडलं नाही. भट्टीचं दार लागलं.