थांबायची खूण

उडत्या तबकड्यांवर दाजींचा तिळभर विश्वास नव्हता. ज्याचा होता तो त्यांचाच सख्खा मेहुणा निघेल, हे बायकोने लग्नाआधी सांगितलं नव्हतं. दाजी बांधकामावरची उंच क्रेन चालवायचे. मेहुणा खाली उभा राहून त्यांना हाताच्या खुणा करायचा: उचला, फिरवा, थांबा. डब्याच्या सुट्टीत आभाळातून कोण कुठे उतरलं याच्या तो अशा काही हकिगती रंगवायचा, की ऐकणाऱ्याने पाहुण्यांसाठी सरकून जागा करावी. साइटवर त्याचं नावच तबकडी पडलं होतं. ते लोक एवढ्या लांबून येतात आणि तुला न भेटता जातात कसे, असं दाजी विचारायचे आणि अख्खी मंडळी हसायची.

त्या दुपारी सळयांचा भारा वर जात असताना क्रेनच्या लांब हाताच्या टोकापुढे एक वस्तू येऊन उभी राहिली. पालथी परातच म्हणावी, फक्त ट्रकएवढी. आवाज नाही, पंखा नाही, दोरी नाही. दाजींनी डोळे चोळले, चष्मा पुसला. परात आपली दारात गप्पांना उभ्या राहिलेल्या शेजारणीसारखी तिथेच. क्रेनवाल्याचा नियम सोपा असतो: हाताच्या वाटेत काही आलं की थांबायचं, मग ते पाखरू असो की परमेश्वर. दाजींनी ब्रेक लावला. थोडा वेळ दोघांचंही आधी तुम्ही, आधी तुम्ही चाललं. शेवटी परातच जराशी कलली आणि ढगात शिरली.

खाली भारा अधांतरी लोंबकळत होता आणि माणसं काम टाकून पळाली होती. दाजी शिडीने उतरले तेव्हा पायथ्याशी सुरक्षा अधिकारी उभे होते. वारा पडलेला, यंत्र ठणठणीत, मग थांबलात का, एवढंच त्यांना हवं होतं. दाजींची नजर फाटकाकडे गेली. आधीच्या क्रेनवाल्याला वर काहीबाही दिसलं होतं. तो आता फाटक उघडत आणि लावत बसायचा. यंत्राचा बहाणा तपासताच उघडा पडणार आणि खरं सांगावं तर केबिन गेली.

"खूण मीच केली, साहेब," मागून तबकडी म्हणाला. "भारा पीळ खात होता."

त्याची कीर्ती साहेबांच्याही कानांवर होती. "वर काही दिसलं वगैरे नाही ना?"

मंडळी कान टवकारून उभी. "नाही साहेब. आभाळात काय दिसणार? असलं काही नसतं."

पहिल्यांदाच मंडळी हसली नाही.

साहेब गेल्यावर त्याने दाजींना गोण्यांच्या आड ओढलं. दाजी उगाच थांबणारा माणूस नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्याने स्वतः काही पाहिलं नव्हतं, कारण खुणा करणाऱ्याने भाऱ्यावरून नजर हलवायची नसते. जन्मभर पाहुण्यांची वाट पाहिली, आणि पाहुणे आले तेव्हा हा सळया बघत होता.

दाजींनी सगळं सांगितलं आणि जिवाला घोर लावून घेतला. तबकडीने रोज संध्याकाळी दाजींच्या घरी येऊन उलटतपासणीच मांडली. कडा गोल की चपटी? सावली पडली का? काल करडी म्हणालात, आज रुपेरी कशी? मनाचं तर सांगत नाही ना? ज्याने जगभरच्या थापा न चावता गिळल्या, तो घरच्या माणसाचा शब्द खडे निवडल्यासारखा निवडू लागला. दाजी तावातावाने सांगत, या डोळ्यांनी पाहिलंय. आतून बायको विचारी, काय पाहिलंत, की दोघेही चिडीचूप. जेवता जेवता दाजी ताटाची कड निरखू लागले. घास तोंडात फिरायचा.

आणि मग एका सकाळी केबिनमधून खाली बघताना त्यांना खुणेच्या हातांऐवजी तबकडीचा चेहराच दिसला. तो आभाळ न्याहाळत होता आणि सळया त्याच्याच डोक्यावरून चालल्या होत्या. दाजींनी भोंगा दाबला. तबकडी दचकून बाजूला झाला, आणि पुन्हा मान वर.

सुट्टीत दाजी त्याच्या शेजारी टेकले. "ऐक. ते काही नव्हतं. प्लॅस्टिकचा मोठा कागद होता, वाऱ्याने वर आलेला. सांगायची लाज वाटली."

"वारा नव्हता त्या दिवशी."

"खाली नव्हता. वर असतो."

तबकडी डब्याच्या झाकणाकडे बघत राहिला. "म्हणजे एका कागदासाठी मी चारचौघांत नाही म्हणालो," तो म्हणाला आणि डबा अर्धाच टाकून उठला.

त्यानंतर खुणा बिनचूक येऊ लागल्या. नजर भाऱ्यावरून तसूभर हलत नव्हती. चैन नव्हती ती वर केबिनमध्ये. दाजींचा एक डोळा भाऱ्यावर, तर दुसरा ढगांच्या कडांवर. एकदा अशीच एक कड उगाचच उजळली आणि त्यांचा हात ब्रेकवर गेला. भारा जागीच थबकला. कामावरची माणसं वर बघू लागली.

खाली तबकडीने मान वर न करता, सगळ्यांना दिसेल असे दोन्ही हात पसरून थांबायची खूण केली.